प्रणोतीची मोठी बॅच

माझी भाची प्रणोती हिनं एम.टेक. कशात केलं, हे लोकांना समजावता समजावता माझी जीभ दुखून आली आहे. ‘केमिकल प्रोसेस डेव्हलपमेंट’ म्हटलं की खमरिया फॅक्टरीतले आमचे निम्मे लोक ‘अच्छा, कंप्यूटर!’ म्हणतात आणि उरलेले ‘दवाइयों का?’ असं विचारतात. नातेवाइकांचं तर बोलूच नका. त्यांना फक्त एवढंच हवं असतं, की पोरगी अजून शिकतेच आहे तर लग्न कधी करणार. मी मग सोपं करून सांगतो. छोट्या काचेच्या बाटलीत जे जमतं, तेच मोठ्या भांड्यात, दर वेळी सारखं आणि कुणाला इजा न होता जमवून दाखवायचं, याचं हे शास्त्र. एवढं सांगितलं की समोरचा म्हणतो, त्यात काय शिकायचं, सामान वाढवायचं. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पूर्वी फिरत नसे, आता फिरतं.

माझी मोठी बहीण हेमलताताई सराफ्यातल्या गणपत ढोमण्यांना दिली. ढोमणे म्हणजे मूळचे भंडाऱ्याकडचे सोनार. दोन पिढ्यांपूर्वी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांचं दुकान म्हणजे काचा, एसी आणि हसरी मुलगी काउंटरवर, असलं काही नाही. पुढे एक बैठक, मागे एक खोली, त्यावर गच्ची. चांदीचं काम करायचे. पैंजण, जोडवी, देवांचे टाक. आणि सोबतीला आणखी एक काम, जे गल्लीतले बाकीचे लोक टाळायचे. कानस मारताना चांदीचा जो कीस पडतो, तो धुळीकचऱ्यात मिसळतो. तो तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, विरघळवायचा, मग त्यात तांब्याची पट्टी सोडायची, की शुद्ध चांदी तळाशी येऊन बसते. आसपासच्या कारागिरांची झाडलोट भाऊजींकडेच यायची.

तेजाब चांदीला भिडलं की तांबूस धूर उठतो. तो छातीला वाईट. भाऊजी हे काम गच्चीवर करायचे, आणि आधी एक उदबत्ती लावून वारा कुठला आहे ते बघायचे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. वारा पडलेला असला तर काम दुसऱ्या दिवशी. गिऱ्हाईक दारात बसून बोंबललं तरी दुसऱ्या दिवशी. इतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी ज्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळतो तिथे दारातच खिशातली काडेपेटी काढून घेतात.

तरी एवढ्या वर्षांचा धूर थोडा थोडा करून आत गेलाच. सकाळी भाऊजी खोकायला लागले की शेजारचे कारागीर हेमचंद्रभैया म्हणायचे, चलो, सराफा उठ गया. प्रणोती त्या खोकल्यातच मोठी झाली. आपल्या बापाची बोटं पिवळी का, हे तिनं लहानपणी कधी विचारलं नाही. तिला वाटायचं सगळ्याच बापांची असतात. तेजाबानं कातडी पिवळी पडते हे तिला बी.ई.च्या पहिल्या वर्षाला पुस्तकात वाचून कळलं, आणि त्या दिवशी ती माझ्या क्वार्टरवर येऊन खूप रडली.

पोरगी हट्टी. मराठी बोलते तीही हिंदीच्या कडेवर बसून. बी.ई. झाल्यावर तिला गुजरातकडे एका कंपनीत जागा मिळत होती. ती सोडून तिनं एम.टेक. धरलं. मी समजवायला गेलो, तर मलाच म्हणाली, “मामाजी, मला बाबांचा धूर बंद करायचा आहे. बस. त्यांची छाती पूरी खराब व्हायच्या आधी. बाकी मला काही नको.”

तिचा प्रोजेक्ट हाच होता. चांदी बंद भांड्यात विरघळवायची, धूर नळीतून पुढच्या बाटल्यांमध्ये न्यायचा, आणि त्या बाटल्यांतल्या रसायन घातलेल्या पाण्यात तो जिरवून टाकायचा. जिरलेल्या धुराचं पुन्हा तेजाबच होतं, म्हणजे वाया काही नाही. ऐकायला सोपं वाटतं. त्यासाठी पोरीनं दीड वर्ष कॉलेजच्या प्रयोगशाळेत घालवलं. केस गळाले, चष्म्याचा नंबर वाढला, आणि जेवताना ताटावर बोटानं आकृत्या काढायची सवय लागली.

दिवाळीनंतर एका रविवारी तिनं आम्हाला सगळ्यांना सराफ्यातल्या मागच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तळहातावर मावेल एवढी काचेची बाटली, तिला रबराचं बूच, बुचातून निघालेली नळी, पुढे आणखी तीन बाटल्या. भाऊजी सवयीनं उदबत्तीचा पुडा घेऊन आले. प्रणोतीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सरळ जाऊन खिडकी लावली. कडीसुद्धा घातली.

“अगं, काय करून राहिली?” ताई घाबरली.

“बघ तर खरं.”

तिनं चिमूटभर कीस बाटलीत टाकला, वरून सगळं तेजाब एकदम ओतलं आणि बूच दाबलं. बाटलीत तांबूस धूर भरला, नळीत शिरला, पुढच्या पाण्यात बुडबुडे आले, आणि तिसऱ्या बाटलीतून जी हवा बाहेर आली तिला रंगही नव्हता आणि वासही नव्हता. भाऊजींनी जवळ नाक नेलं. ज्या वासानं त्यांचं अर्धं आयुष्य खाल्लं, तो वास ते हुंगून हुंगून शोधत होते आणि तो सापडत नव्हता. मग ते खुर्चीवर बसले आणि पंच्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, उगाच खोटं कशाला बोलू.

“बाबा, आता गच्चीवर जायचं काम नाही,” प्रणोती म्हणाली. “खिडकी बंद ठेवून करा.”

पण डिग्री त्या बाटलीवर मिळणार नव्हती. तिच्या गाइड सरोजिनी मॅडम तिला म्हणाल्या, की बेटा, ही तर केमिस्ट्री झाली, प्रोसेस कुठे आहे? मोठी बॅच करून दाखव. मॅडमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या विषयाचा सगळा अर्थच तो आहे. लहान बाटलीत उष्णता काचेतून पटकन निघून जाते, मोठ्या भांड्यात ती आतच कोंडते. कपातला चहा लगेच निवतो आणि पातेल्यातला तासभर चटके देतो, तसं. म्हणून मोठ्या बॅचमध्ये तेजाब एकदम ओतायचं नसतं, थेंब थेंब सोडायचं असतं आणि भांडं बाहेरून गार ठेवायचं असतं. या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवतात. प्रणोतीला ते इतकं ठाऊक होतं, की ते सांगण्यासारखं काही आहे हेच तिच्या ध्यानात नव्हतं.

कॉलेजातलं मोठं भांडं नेमकं बिघडलेलं. त्याचं गार पाणी फिरवायचं कवच गळत होतं. दुरुस्तीला माणूस येतो येतो म्हणे आणि येत नसे. तोंडी परीक्षा जवळ येत चालली. पोरगी जेवेना, बोलेना, आईवर खेकसायला लागली. भाऊजी समोर बसून जोडव्याला पॉलिश करत सगळं ऐकायचे.

एका रात्री जेवताना त्यांनी तिला सहज विचारलं, “छोट्या बाटलीत तू चांदी किती घेते? आणि तेजाब?”

बाबांना आपल्या कामात रस वाटतोय म्हणून ती खुलली. तिनं माप सांगितलं.

“अच्छा. आणि मोठी बॅच म्हणजे?”

“ह्याच्या शंभरपट धरा ना, बाबा.”

तिच्या हिशेबी भांड्याचा आकार सांगून झाला होता. पण सोनाराच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. सोनाराचं सगळं आयुष्य पटीत चालतं. तोळ्याला सांधणीचा इतका डाग घालायचा, तर शंभर तोळ्यांना शंभरपट घालायचा. त्यात कधी फरक पडत नाही, आणि ज्याचा फरक पडतो तो सोनार लबाड. भाऊजींनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, लेकीनं सगळं तेजाब एकदम ओतलं होतं. मग मोठ्यातही तसंच ओतायचं. याच्यात विचारण्यासारखं काय होतं?

ती पुन्हा भांड्याचा तगादा लावायला कॉलेजला गेली, तो बुधवार होता. ताई आमच्याकडे खमरियाला आली होती, माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाची तयारी होती. दुपारी भाऊजींनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. कितीतरी महिन्यांचा जमवलेला कीस काढला. लोणच्याची मोठी काचेची बरणी त्यांनी आधीच आणून ठेवली होती, तिला बूच कापून बसवलं होतं. नळी आणि पुढच्या बाटल्या प्रणोतीच्याच. तिनं जसं मांडलं होतं तसंच, तसूभरही इकडेतिकडे न करता मांडलं. आणि तिनं सांगितलं होतं म्हणून खिडकी लावून घेतली.

पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एवढ्या किसावर एवढं तेजाब एकदम पडल्यावर बरणी उकळायला लागली. त्या पेन्सिलीएवढ्या नळीतून एवढा धूर जाणार कुठून? बूच उडालं आणि खोलीभर तांबूस ढग झाला. खिडकीची कडी हाताला लागेपर्यंत भाऊजींनी तो छातीभर घेतला होता.

हेमचंद्रभैयांनी त्यांना खोकत खोकत बाहेर येऊन पायरीवर बसताना पाहिलं. डोळे लाल.

“क्या हुआ, गणपत भैया?”

“कुछ नहीं. मिर्ची का तड़का लग गया.”

या धुराचा कावा असा, की तो लगेच मारत नाही. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग तास-दोन तासांत माणसाला बरं वाटतं. छातीत आत काय चाललंय ते तो सांगत नाही. भाऊजींना बरं वाटलं. त्यांनी खोली पुसली, आंघोळ केली, शर्ट बदलला. बरणीत चांदी विरघळलेलीच होती. तिच्यात तांब्याची पट्टी सोडली आणि वर झाकण ठेवलं.

संध्याकाळी मी ताईला स्कूटरवर सोडायला गेलो, तर हा माणूस मजेत. “या साळेसाहेब, आज चहा माझ्या हातचा,” म्हणाले. आवाज जरा बसला होता, पण तो तर नेहमीचाच. बोटं पिवळी होती, ती तर सदाचीच. मागाहून प्रणोती आली, बॅग फेकून भिंतीला टेकून बसली. भांडं याही आठवड्यात दुरुस्त होणार नव्हतं.

भाऊजी तिच्याजवळ जाऊन बसले. “मोठी बॅच झाली की तुझं काम झालं ना?”

“हो बाबा, पण होईल तेव्हा ना.”

“सकाळी बोलू. आता जेव.”

रात्रभरात चांदी तळाला बसली असती, सकाळी ती धुऊन, वाळवून, तिच्या तळहातावर ठेवायची होती. या एका हौसेपायी ते गप्प राहिले. मला त्यांचा अजूनही राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला येतो. एक शब्द बोलले असते, तर त्या घरात असा धूर ओळखणारी पोरगी बसली होती, तिनं त्यांना जेवणाच्या ताटावरून उचलून दवाखान्यात नेलं असतं.

सकाळी त्यांना आडवं होता येईना. बसून बसून श्वास ओढत होते. दवाखान्यात डॉक्टर हार्टचं बघत बसले, कारण काय झालं असं विचारलं तर भाऊजी मान हलवायचे. काही नाही, सर्दी. मीही तिथेच उभा होतो. शेवटी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि प्रणोतीला खूण करून जवळ बोलावलं.

“मागच्या खोलीत बरणी आहे. बघ. चांदी बसली असंल.” श्वास घेतला. “पूरी शंभरपट. तुझी बॅच झाली.”

मला काही समजलं नाही. तिला समजलं. तिचा चेहरा असा उतरला, की तसा मी कुणाचाच पाहिलेला नाही.

“बाबा, काहून केलं? कशात केलं? तेजाब कसं ओतलं तुम्ही?”

“एकदम. तू ओतलं तसंच.”

“आणि खिडकी?”

“बंद.” एवढ्या धापेतही त्या माणसाच्या डोळ्यांत कौतुक होतं. “तूच सांगितलं होतं ना. बूच माझ्यानं कच्चं बसलं. त्याच्यात माझी चूक. तुझा तरीका पक्का आहे.”

ती ओरडतच डॉक्टरांकडे धावली. मग औषधं बदलली, मशीन लावलं, सगळी धावपळ झाली. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. दुपारी भाऊजी गेले.

पोरीकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून गल्लीत आम्ही हार्ट अटॅक सांगितला. तेरावं झाल्यावर प्रणोती एकटी मागच्या खोलीत गेली. मी दारात थांबलो. तिनं बरणीतली चांदी काढली, धुतली, वाळवली आणि बापाच्याच काट्यावर तोलली. मग जमिनीवर बसली.

“मामाजी, पूरी आली. एक रत्तीपण नाही सुटली,” म्हणाली, आणि हुंदके द्यायला लागली. फसलं असतं तर तिला सोपं गेलं असतं असं मला वाटलं. ताई आतून आली आणि कधी नव्हे ते लेकीला मांडीवर घेऊन बसली. तिनं आजवर पोरीला एका शब्दानं दोष दिलेला नाही. पण खिडक्या ती आता थंडीतसुद्धा उघड्या टाकते.

प्रणोतीनं शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. सरोजिनी मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या. पुढच्या पावसाळ्यात कॉलेजातलं भांडं दुरुस्त झालं, तेव्हा कुणी काही न सांगता ती स्वतःच गेली आणि मोठी बॅच केली. बाहेरून गार पाणी, थेंब थेंब तेजाब, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वाससुद्धा आला नाही. घरी येऊन तिनं कुणाला सांगितलं नाही, मला मॅडमकडून कळलं.

प्रबंधात तिनं दोन्ही बॅचेस लिहिल्या. मॅडमनी परोपरीनं सांगितलं, की घरची बॅच गाळ, ती कॉलेजात झालेली नाही, उगाच प्रश्न निघतील. ऐकेल तर ती प्रणोती कसली. त्या लोकांची लिहायची एक पद्धत असते, काम करणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. त्याला ऑपरेटर म्हणतात. ऑपरेटरने सर्व आम्ल एकाच वेळी घातले. ऑपरेटर वायूच्या संपर्कात आला. एवढंच.

तोंडी परीक्षा ऐकायला घरच्यांना बसता येतं. ताईला जमणार नव्हतं, म्हणून फॅक्टरीत सुट्टी टाकून मी गेलो, मागच्या बाकावर बसलो. बाहेरचे परीक्षक नागपूरचे, वयस्कर, पांढऱ्या मिशांचे. आडनाव वाचून त्यांनी विचारलं, “ढोमणे, म्हणजे आपल्याकडच्याच का?” आणि तिथून पुढे ते मराठीतच बोलले. माणूस वाईट नव्हता. तिचं काम त्यांना मनापासून आवडलेलं दिसत होतं. तासभर ती खणखणीत उत्तरं देत राहिली, आणि मला भाऊजींच्या ऐवजी कॉलर ताठ करून बसावंसं वाटत होतं.

मग त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं आणि हसले.

“ही मधली बॅच मात्र काय आहे हो? सगळं आम्ल एकदम? हे तर पहिल्या वर्षाचा पोरगाही करणार नाही. असा निष्काळजी ऑपरेटर तुम्हाला मिळाला कुठे?”

सरोजिनी मॅडम अर्धवट उठल्या. प्रणोतीनं हातानंच त्यांना बसा म्हटलं.

“निष्काळजी नव्हते, सर,” ती म्हणाली. “मी शिकवलं, तसंच त्यांनी केलं. मोठ्या भांड्यात तसं करायचं नसतं, एवढंच माझं सांगायचं राहिलं.”

“कोण होते?”

“माझे वडील.”

परीक्षकांनी चष्मा काढला. ‘होते’ हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला होता, आणि तिनं तो दुरुस्त केला नव्हता. त्यांनी पान मिटलं, उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

ती पास झाली. ताईला फोन करून मी सांगितलं. ते आज पाहिजे होते, असं ताई रडत रडत म्हणाली, आणि मी हो म्हणालो. पण मनातून मला भाऊजी तिथे नकोच होते. लेकीची बॅच पक्की झाली, चूक आपल्या बुचाची, असं समजून तो माणूस गेला होता. ती भरल्या खोलीत उभी राहून ती चूक आपल्या अंगावर घेते आहे, हे त्याला ऐकवलं नसतं.